रोम बुडालं, तेव्हा आपल्या खानदेशात काय चाललं होतं?

दोस्तांनो, इतिहासाच्या पुस्तकातला एक सन तुम्ही पाठ केला असेल, नसेल तर पुढे कधीतरी करावा लागेल. इ.स. ४७६. या वर्षी ४ सप्टेंबरला ओडोअ‍ॅकर नावाच्या सेनापतीनं रोमच्या बादशहाला गादीवरून खाली उतरवलं. हा बादशहा कोण? जवळजवळ तुमच्याच वयाचा एक पोरगा! नाव मात्र केवढं भारदस्त : रोम्युलस ऑगस्ट्युलस. रोम शहर वसवणारा तो रोम्युलस आणि रोमचा पहिला सम्राट तो ऑगस्टस. दोन्ही नावं एकट्या या पोराच्या डोक्यावर. त्यातही 'ऑगस्ट्युलस' म्हणजे 'छोटुकला ऑगस्टस'. ओडोअ‍ॅकरला त्याची दया आली असावी. त्यानं त्याला मारलं नाही, वर्षाचा तनखा बांधून दिला आणि इटलीच्या दक्षिण भागात राहायला पाठवून दिलं. झालं! पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य संपलं आणि युरोपात मध्ययुग सुरू झालं, असं पुस्तकं सांगतात.

गंमत म्हणजे हे त्या दिवशी रोममध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. 'चला, प्राचीन काळ संपला, उद्यापासून मध्ययुग' अशी दवंडी काही कुणी पिटली नाही. पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये दुसरा रोमन बादशहा होताच, आणि त्याची गादी पुढे थेट १४५३ पर्यंत टिकली. 'मध्ययुग' हे नाव तर कितीतरी शतकांनंतर विद्वानांनी ठेवलं. जे लोक त्या काळात राहत होते त्यांना एवढंच दिसत होतं की कर मागायला येणारा माणूस बदलला, रस्त्यावरचे दगड उखडले तर कुणी बसवत नाही, आणि नळाला पाणी यायचं बंद झालं. हे शेवटचं शब्दशः खरं आहे बरं का. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला तेव्हा शहरात पाणी आणणारे मोठमोठे दगडी पाट तोडून टाकले.

आता हा सगळा खटाटोप तिकडे चाललेला असताना इकडे, आपल्या तापी-गिरणेच्या काठी काय चाललं होतं? 'तेव्हा काय, जंगल असेल' असं म्हणू नका. तेव्हा इथेही एक मोठं साम्राज्य होतं आणि तेही अगदी त्याच सुमाराला कोसळलं. रोमच्या आणि आपल्या तारखेत फार तर एक-दोन वर्षांचं अंतर, असं मानणारे अभ्यासक आहेत. एकाचा धक्का दुसऱ्याला लागला असं मात्र नाही. पण दोन्हीकडे त्यानंतर जे घडलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

बैलगाड्यांचा रस्ता

रोम आणि खानदेश यांची ओळख मात्र जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची एक वाटाडी वही लिहिली. तिचं नाव 'पेरिप्लस'. भडोच बंदराला तो म्हणतो 'बॅरिगाझा'. तिथून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तेर. या दोन गावांहून अकीकासारखे दगड, जाडंभरडं कापड, तलम मलमल असा माल गाड्यांवर लादून, रस्ता धड नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. आता नकाशा उघडा. पैठणवर बोट ठेवा, भडोचवर दुसरं बोट ठेवा. मधे काय येतं? सातमाळ्याचा डोंगर, त्यातले घाट, आणि घाट उतरलं की खानदेश.

बदल्यात रोमहून काय यायचं? सोन्याचांदीची नाणी, दारूचे रांजण, काचसामान. प्लिनी नावाचा रोमन लेखक तर चक्क कुरकुर करतो की हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स (हे त्यांचं नाणं) घेऊन जातो! आपल्या पणज्यांनी विणलेल्या कापडापायी रोमच्या लेखकानं कपाळाला हात लावावा, हे वाचून थोडंसं बरं वाटतं की नाही?

या रस्त्याच्या तोंडाशी एक ठिकाण आहे, पितळखोरं. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, तालुका कन्नड. पण आपल्याला ते चाळीसगावच्या बाजूनं जवळ. डोंगराच्या घळीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत ही, अजिंठ्याच्या जुन्या लेण्यांच्या बरोबरीची, दोन हजार वर्षांहून जुनी. दगड ठिसूळ म्हणून बरीचशी ढासळली आहेत. ती कोरायला पैसा कुणी दिला? राजांनी नाही हो. भिंतींवर देणगीदारांची नावं आहेत. पैठणच्या अत्तरं विकणाऱ्या घराण्यातला मितदेव. राजवैद्य मगिल. या घाटातून मालाच्या गाड्या जात, त्यांच्या मालकांनी आणि गावच्या नामवंतांनी आपल्या कमाईतला वाटा इथे दिला.

तिथे एका ठेंगण्या, ढेरपोट्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती सापडली. दोन्ही हात वर करून त्यानं डोक्यावर परडी धरली आहे. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला कोरलंय की हा यक्ष कान्हदास नावाच्या सोनारानं घडवला. सोनार! म्हणजे नाजूक दागिने घडवणारा माणूस दगडही घडवत होता. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या कान्हदासाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही नावं कोणत्या भाषेत आहेत? प्राकृतात. बाजारात, घरात, गाडीवर लोक जी बोलत तिच्या जवळची ही भाषा. हेही ध्यानात असू द्या.

हातोडे थांबले

आता चारशे-साडेचारशे वर्षं पुढे येऊ. पाचवं शतक. खानदेशाला तेव्हा 'खानदेश' म्हणत नसत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते जुन्या ग्रंथांतला 'ऋषिक' देश तो हाच. इथे एक छोटा राजा होता आणि त्याच्यावर वत्सगुल्म, म्हणजे वाशीमचा वाकाटक सम्राट हरिषेण. त्याचा एक ताम्रपट तर आपल्या शिरपूर तालुक्यात, तापीकाठच्या थाळनेरलाच सापडला आहे.

याच हरिषेणाच्या काळात अजिंठ्याला अक्षरशः उधाण आलं. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं करवलं. सतरावं लेणं आपल्या ऋषिक देशाच्या राजानं. का करवलं, त्याची हकिकत त्या लेण्याच्या भिंतीवरच आहे. राजाचा धाकटा भाऊ रविसांब वारला. त्या दुःखात राजाचं मन राज्यावरून उडालं आणि त्यानं धर्मकार्यात पैसा ओतला. म्हणजे जगभरचे लोक ज्या चित्रांपुढे माना वर करून उभे राहतात, ती एका भावानं दुसऱ्या भावासाठी केलेली आठवण आहे. आणि त्या राजाचं नाव? लेखातली नेमकी तेवढीच जागा फुटली आहे! विसाव्या लेण्यातल्या एका तुटक्या लेखावरून त्याचं नाव उपेंद्रगुप्त असावं, असा तर्क करतात. सोनार कान्हदासाचं नाव राहिलं, आणि राजाचं टवका उडून गेलं.

वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकानं आयुष्याची कितीतरी वर्षं अजिंठ्यात घालवली. ते २०१९ मध्ये वारले. ते प्रत्येक खांब, प्रत्येक दाराची खाच, बिजागरीचं प्रत्येक भोक तपासत. त्यांचं म्हणणं असं की, अजिंठ्याची ही नवी लेणी शेकडो वर्षं चालली नव्हती. जेमतेम वीसेक वर्षांत हे सगळं झालं, आणि सुमारे ४७७ मध्ये हरिषेण अचानक मेला तेव्हा हातोडे थांबले. सगळ्याच पंडितांना हा इतका नेमका हिशेब मान्य नाही. पण काम अर्ध्यावर थांबलं हे समजायला पंडित असावं लागत नाही. चोविसाव्या लेण्यात जाऊन बघा. पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सगळ्यात मोठ्या विहारांत त्याची गणना झाली असती. आज तिथे काय आहे? खांब अजून कातळाच्या पोटातून नीट बाहेरही आलेले नाहीत. छिन्नीचे घाव तसेच्या तसे. एखादा मुलगा चित्र काढता काढता आईनं हाक मारली म्हणून उठून गेला आणि परत आलाच नाही, तसं दिसतं ते.

पहिल्या लेण्यातली गोष्ट तर मला सगळ्यात चटका लावते. गाभाऱ्यात बुद्धाची भव्य मूर्ती आहे. पण स्पिंक म्हणतात, तिच्यावर दिव्याच्या काजळीचा डाग नाही. म्हणजे तिच्यापुढे दिवाच लागला नाही. मूर्ती तयार झाली आणि पूजा सुरू होण्याआधीच सगळं विस्कटलं.

मग कारागीर कुठे गेले? पोट तर सगळ्यांनाच असतं. काही अभ्यासकांना वाटतं की त्यांच्यातले काही, किंवा त्यांचे मुलं-नातवंडं, पुढे मुंबईजवळच्या घारापुरीला आणि वेरूळला कामाला लागली. तिथल्या जुन्या शिवलेण्यांच्या खांबांत अजिंठ्याची आठवण दिसते. बुद्ध कोरणारे हात शिव कोरू लागले. मालक बदलला, पण हत्यारं तीच राहिली.

एका बिघडलेल्या राजपुत्राची गोष्ट

साम्राज्य मोडलं कसं? सरळ सांगणारा शिलालेख नाही. पण दंडी नावाच्या संस्कृत लेखकानं 'दशकुमारचरित' नावाचं एक गोष्टींचं पुस्तक लिहिलं आहे. त्यातली शेवटची गोष्ट विदर्भाच्या राजाची आहे आणि मिराशींच्या मते ती वाकाटकांच्या शेवटाची खरी आठवण आहे. गोष्ट म्हणजे गोष्ट, ती पुरावा म्हणून कोर्टात चालणार नाही. पण ऐका तर खरं.

एक भला राजा मेला. मुलगा अनंतवर्मा गादीवर आला. हुशार होता, पण अभ्यासाचा कंटाळा. म्हाताऱ्या मंत्र्यानं राजनीती शिकण्याचा आग्रह धरला तर एका खुशमस्कऱ्यानं त्याची टर उडवली. 'राजे, सकाळपासून रात्रीपर्यंत हिशेब आणि कज्जे ऐकायचे, तर मग राजा कशाला व्हायचं?' झालं, राजाला पटलं. शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानू याची नजर होतीच. त्यानं आपला एक माणूस मुद्दाम पाठवला. त्यानं शिकार कशी आरोग्याला चांगली, जुगारानं कसं मन खंबीर होतं, असं एकेक व्यसन गोड करून सांगितलं. राजाचं बघून अधिकारी बिघडले, कर कुणी कुठे खाल्ला याचा पत्ता नाही. मग वसंतभानूनं बाहेरच्या एका राजाला स्वारी करायला चिथावलं आणि लढाई जुंपल्यावर अनंतवर्म्याचेच मांडलिक फिरले. त्या फितुरांच्या यादीत कोकणचा राजा आहे, नाशिकचा आहे, आणि ऋषिक देशाचा एकवीरही आहे. म्हणजे आपलाच! शेवटी लुटीच्या वाटणीवरून या सगळ्यांना एकमेकांशी भांडायला लावून वसंतभानूनं सगळंच गिळलं.

रोमचा इतिहास वाचाल तर असले मासले तिथेही सापडतील. गादीवर पोरं, पाठीमागे सेनापती, आणि सीमेवर वाट बघणारे शेजारी.

तांब्याचा सातबारा

आता खरा प्रश्न असा की, साम्राज्य गेल्यावर गावातल्या माणसाचं काय झालं?

गावं सरसकट ओस पडली असं म्हणणारे इतिहासकार आहेत. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ नंतर नगर जिल्ह्यात नेवाशाला खणलं. तिथे सातवाहन काळात रोमन मद्याच्या रांजणांचे तुकडे सापडतात, घरं सापडतात, आणि मग एकदम रिकामं. त्यावरचा थर थेट चौदाव्या शतकानंतरचा. पण थांबा! मधल्या काळात, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशातच ना? म्हणजे एका टेकाडावरची वस्ती उठली, तरी गाव संपलं असं नव्हे. आणि आपल्या तापीकाठी प्रकाशे आहे (१९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात). तिथे बी. के. थापर यांनी उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले. नदीकाठची काळी जमीन सोडून जाणार कोण?

व्यापाराचंही तसंच. रोमची सोन्याची धार आटली, पण समुद्र काही आटला नव्हता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानं कल्याणला मोठं बंदर म्हटलं आहे.

बदललं ते दुसरंच काहीतरी. आधीच्या काळात दान देत सोनार, वैद्य, अत्तरवाले. आता दान देतात राजे, आणि देतात ती जमीन. ते लिहायचं तांब्याच्या पत्र्यावर. दोन-तीन पत्रे, त्यांना भोक पाडून घातलेली एक जाडजूड कडी, कडीवर राजमुद्रा. एका अर्थी हा तांब्याचा सातबाराच! साक्री तालुक्यातल्या कासारे गावी असा एक सापडला, सेंद्रक घराण्यातल्या अल्लशक्ती राजाचा. दुसरा त्याचाच, नागदचा. तिसरा चाळीसगाव तालुक्यातल्या मुंदखेड्याचा, जयशक्तीचा, शके ६०२ मधला.

इथे तुमच्यासाठी एक कोडं. कासाऱ्याच्या ताम्रपटावर वर्ष आहे ४०४ आणि नागदच्या ताम्रपटावर ५७७. राजा एकच. मग तो पावणेदोनशे वर्षं जगला की काय? उत्तर सोपं आहे. पहिलं वर्ष आहे कलचुरी संवताचं, म्हणजे त्यात २४९ मिळवा : इ.स. ६५३. दुसरं आहे शकाचं, त्यात ७८ मिळवा : इ.स. ६५५. फक्त दोन वर्षांचा फरक. हा कलचुरी संवत मुळात अभीर राजांनी सुरू केला असं मानतात. अभीर, म्हणजे ज्यांच्या नावावरून आपली अहिराणी! अभीरांचं राज्य केव्हाच संपलं होतं, तरी त्यांची वर्षं मोजणं चारशे वर्षं चालूच होतं. युरोपातही हा घोळ होताच. आपण लिहितो ते इसवी सन डायोनिसियस नावाच्या एका साधूनं ५२५ मध्ये गणित करून बसवलं. रोम पडलं त्या वर्षी ते ४७६ आहे हे कुणालाच माहीत नव्हतं!

या काळच्या ताम्रपटांत बहुधा काय काय असतं? अमुक गावची जमीन अमक्या ब्राह्मणाला दिली. चंद्र-सूर्य असेपर्यंत ती त्याच्या वंशाकडे राहील. राजाच्या शिपायांनी तिथे पाऊल ठेवायचं नाही. शेवटी शाप : ही जमीन जो हिसकावेल तो साठ हजार वर्षं नरकात. आता 'शिपायांनी पाऊल ठेवायचं नाही' यावर जरा थांबा. याचा अर्थ असा की राजानं आपल्या सत्तेचा एक तुकडा मोडून दुसऱ्याच्या हातावर ठेवला. तो तिथला कर घेणार, भांडणं तोडणार. हुबेहूब असंच त्याच शतकांत युरोपात चाललं होतं. फ्रँक राजे चर्चना आणि मठांना जमिनी देत होते आणि 'इथे माझा अधिकारी येणार नाही' असं लिहून देत होते. दोघांनी एकमेकांचं बघून केलं का? मुळीच नाही. तिजोरीत नाणी कमी, पगार द्यायला पैसा नाही, राज्य मोठं आणि रस्ते वाईट, अशा वेळी राजाच्या हातात द्यायला एकच वस्तू उरते ती जमीन. अडचण सारखी, म्हणून तोडगा सारखा.

या दानांमुळे पडीक जमीन लागवडीखाली आली, पाटस्थळं झाली, गावोगावी लिहिणारे-वाचणारे पोचले, असं पुष्कळ इतिहासकार म्हणतात, आणि ते खरंच असावं. पण मला ताम्रपट वाचताना नेहमी एक गोष्ट खटकते. देणाऱ्या राजाची सात पिढ्यांची नावं असतात. घेणाऱ्याचं नाव, गोत्र, शाखा सगळं असतं. शेताच्या चारी बाजूंना काय आहे तेही असतं. ते शेत कसणारा कोण, याचा पत्ताच नाही. जमिनीबरोबर तोही दिला गेला, त्याला कुणी विचारलं नाही. सातपुड्यातल्या भिल्लांचं नाव तर कुठल्या कोपऱ्यातही दिसत नाही, आणि जंगल होतं त्यांचंच.

मेलेल्या राजाचे रुपये

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, अंजनेरीला सापडलेल्या ताम्रपटांत तर एक गावच्या गाव पुन्हा वसवल्याची हकिकत आहे. वर्ष साधारण ७१०. समगिरिपट्टण नावाचं शहर आणि भोवतालची खेडी उद्ध्वस्त झाली होती. भोगशक्ती नावाच्या राजानं ती परत वसवली आणि ती एल श्रेष्ठी आणि करपुट श्रेष्ठी या दोन शेटजींच्या हवाली केली. व्यापाऱ्यांना जकात माफ. गुन्ह्यांचे दंडही ठरवून दिले : कुणी कुणाचा कान पिरगळला तर इतके, डोकं फोडलं तर इतके. कान पिरगळण्याचासुद्धा दंड! (शाळेत हा कायदा लागू करा म्हणून लगेच अर्ज लिहायला बसू नका.)

हा दंड भरायचा कशात? 'कृष्णराज रूपकां'त. कृष्णराज हा कलचुरी राजा. त्याची चांदीची छोटी नाणी नाशिकपासून घारापुरीपर्यंत सापडतात. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला नंदी. पण हा कृष्णराज सहाव्या शतकातला! तो मरून शे-सव्वाशे वर्षं उलटली, त्याचं घराणं गेलं, चालुक्य आले, तरी बाजारात चालतंय ते त्याचंच नाणं. आणि त्या नाण्यावरचा तो चेहरा? तो क्षत्रपांच्या नाण्यांवरून आला, आणि क्षत्रपांनी उचलला ग्रीक राजांच्या नाण्यांवरून. राज्यं बुडतात, पण सवयी भलत्याच चिवट असतात बघा.

पाटणची पळीभर तेल

आता शेवटचा मुक्काम, चाळीसगावजवळचं पाटण. पाटणादेवीला तुमच्यापैकी कितीतरी जण सहलीला गेले असतील. धबधबा पाहिला असेल, माकडांनी डबा पळवला असेल. तिथे बाराव्या शतकात निकुंभ घराण्याची राजधानी होती. (नागदच्या ताम्रपटात अल्लशक्तीच्या नावाला 'निकुंभ' जोडलेलं आहे. पण नाव जुळलं म्हणून घराणं एकच, असं लगेच ठरवून टाकू नका.) तिथल्या महेश्वराच्या मंदिराचा लेख ११५३च्या सुमाराचा. साक्री तालुक्यात बळसाण्याची कोरीव मंदिरं आहेत, तीही याच जगातली. लेण्यांचा जमाना गेला, देवळांचा आला.

पण पाटणची खरी दौलत म्हणजे १२०७ चा एक शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो जगापुढे आणला. थोर गणिती भास्कराचार्य (जन्म १११४) यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. (मुक्ताईनगरजवळच्या चांगदेव गावाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते योगी चांगदेव निराळे.) आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला एक मठ काढला. म्हणजे चक्क गणिताची शाळा! 'सिद्धान्तशिरोमणी' आणि भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ तिथे शिकवायचे. राजा सोइदेव निकुंभानं चंद्रग्रहणाच्या दिवशी, ९ ऑगस्ट १२०७ रोजी, मठाला देणगी दिली. ज्योतिषाच्या शाळेला ग्रहणाचा मुहूर्त, वा!

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. राजाचं कौतुक, घराण्याचं वर्णन, सगळं संस्कृत. मग मुद्द्याची गोष्ट येते : पैसे कुणी द्यायचे? आणि तिथे भाषा एकदम बदलते. ती होते मराठी! कारण ज्यांच्याकडून वसूल करायचं त्यांना समजायला नको का? पाटणच्या बाजारात जे 'केणें' म्हणजे विक्रीचा माल येईल, त्यातला राजाचा वाटा मठाला. धान्य मोजायचं ते मठाच्या मापानं. आणि जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकानं मठाला एक एक पळी तेल द्यायचं. पळी आणि घाणा. आठशे वर्षांपूर्वीचे शब्द, आणि आज आजीच्या स्वयंपाकघरातही तेच. हे तेल कशाला? रात्री दिव्याच्या उजेडात पोथ्या वाचायला, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं आहे.

पितळखोऱ्याला प्राकृत, अजिंठ्याला संस्कृत, पाटणला मराठी. तिन्ही ठिकाणं एकाच डोंगराच्या ओळीत. रोमन लोकांच्या लॅटिनचंही असंच झालं. पुस्तकात लॅटिन राहिली आणि बाजारात तिच्यापासून इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश झाल्या. ८४२ मध्ये दोन राजांनी स्ट्रासबुर्ग गावी शपथा घेतल्या, त्या सैनिकांना समजाव्यात म्हणून लोकांच्या बोलीत. फ्रेंचचा तो पहिला लेखी पुरावा मानतात. तिकडे निमित्त झाले सैनिक, इकडे तेली.

तिकडेही मठांनीच पुस्तकं वाचवली. ५२९ मध्ये जस्टिनियन बादशहानं अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं शिकवणं बंद केलं. पण इटलीत कॅसिओडोरस नावाच्या एका निवृत्त मंत्र्यानं आपल्या जमिनीवर मठ काढला आणि तिथल्या साधूंना जुन्या ग्रंथांच्या नकला करायला बसवलं. त्यांनाही दिव्याला तेल लागतच असणार.

आणखी एक जुळणी. पाटणच्या लेखाच्या फक्त पाच वर्षं आधी, १२०२ मध्ये, इटलीतल्या पिसा शहरच्या फिबोनाची या गणितीनं एक पुस्तक लिहिलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांकडून तो नवे आकडे शिकून आला होता. त्या पुस्तकात तो युरोपला सांगतो की, हिंदी लोकांचे हे नऊ आकडे आहेत, आणि त्यांच्या जोडीला शून्य घेतलं की कुठलीही संख्या लिहिता येते. रोम जाऊन सव्वासातशे वर्षं झाली होती, तरी तिथले व्यापारी तोवर रोमन आकड्यांतच लिहीत. १२०७ हे साल लिहायचं तर एम सी सी व्ही आय आय! त्यात गुणाकार करून दाखवा बरं.

म्हणजे इटलीतली पोरं शून्य पहिल्यांदा गिरवत होती, तेव्हा चाळीसगावच्या डोंगरात भास्कराचार्यांच्या नातवाची मुलं शून्यानं भागायचं कसं यावर वाद घालत बसलेली असणार, आणि बाहेर एखादा तेली पळीभर तेल घेऊन दाराशी उभा असणार.

पाटणादेवीला आता पुन्हा जाल तेव्हा नुसता धबधबा पाहून परतू नका. महेश्वराच्या देवळाभोवती एक फेरी मारा. आणि जळगावहून अजिंठ्याला गेलात, तर पहिलं, सोळावं, सतरावं पाहून दमलात तरी चोविसाव्यापर्यंत चालत जा. अर्धवट खांबांवरच्या त्या छिन्नीच्या खुणा डोळे भरून पाहून घ्या. हात मात्र लावू नका, पहारेकरी ओरडतात!